वर चढलेली साइट दर दोन-तीन महिन्यांनी खाली का येते?

तक्रारीची चाल नेहमी एकच असते. महाद्वार रोडचा चप्पलवाला असो, मार्केट यार्डातला गुळाचा व्यापारी असो, हुपरीचा चांदीवाला असो की शिरोलीचा फौंड्रीवाला. कुणीतरी महिन्याच्या बोलीवर एसईओ, म्हणजे साइट गुगलच्या शोधात वर आणायचं काम, करून दिलं, साइट गुगलवर वर आली, चार फोन जास्त आले, आणि मग हळूहळू ती दुसऱ्या-तिसऱ्या पानावर जाऊन बसली. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "गुगलनं अपडेट आणलंय." मग नवं पॅकेज. परत वर, परत खाली. "भावा, एकदाच काय ते पैसे घे, पण कायमचं बसवून दे की," असं म्हणणारे तर रोज भेटतात.

कायमचं कुणालाच बसवून देता येत नाही. जो तसं लिहून देतो त्याला चहा पाजून वाटेला लावावं. पण हा वर-खाली झोका थांबवता येतो. तो थांबत नाही याचं कारण म्हणजे दर वेळी दुरुस्ती तीच केली जाते, नव्या लिंका (दुसऱ्यांच्या साइटींवरून आपल्याकडे येणाऱ्या वाटा) विकत घेण्याची, आणि बिघाड बहुतेक वेळा तिथं नसतोच.

खरंच घसरली का, ते आधी बघा

स्वतःच्या फोनवर शोधून काही ठरवू नका. गुगल तुमची जागा, भाषा आणि आधीचे शोध बघून निकाल बदलतो. दुकानात बसून 'कोल्हापुरी चप्पल' टाकलं तर तुमचंच दुकान वर दिसेल. नागपूरच्या गिऱ्हाइकाला ते दिसतंय का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी गुगल सर्च कन्सोल आहे. फुकट आहे आणि त्यात मागच्या १६ महिन्यांचा हिशेब असतो. क्लिक किती, साइट किती वेळा दिसली म्हणजे इम्प्रेशन किती, आणि सरासरी कितव्या जागेवर दिसली, एवढं बघायला आलं तरी निम्मं काम झालं.

तुलना मागच्या महिन्याशी करू नका. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करा. चामड्याची चप्पल पावसात कोण विकत घेतं? जून ते सप्टेंबर चपलेच्या साइटचे क्लिक पडणारच, त्यात गुगलचा काही दोष नाही. नव्या गुळाची विचारपूस गुऱ्हाळं पेटल्यावर वाढते. लॉजवाल्यांची गर्दी नवरात्रात अंबाबाईला आणि चैत्रात जोतिबाला. मे महिन्यात पॅकेज घेतलं, जुलैत क्लिक पडले आणि एजन्सी बदलली, असले प्रकार दर पावसाळ्यात होतात. नवी एजन्सी ऑक्टोबरात काम सुरू करते, दिवाळीचं गिऱ्हाईक आपोआप येतं आणि श्रेय तिला मिळतं.

चपलेच्या धंद्यात आणखी एक मेख आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या रँपवर प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यावर देशभर गदारोळ झाला आणि ज्यांनी कधी कोल्हापुरी घातली नव्हती तेही हे नाव शोधू लागले. त्या दोन महिन्यांशी तुलना केली तर कुठलीही साइट पडलेलीच दिसणार. तेवढा काळ वगळूनच बघा.

आता आकड्यांकडे. जागा तीच, इम्प्रेशनही तेवढेच, पण क्लिक कमी झाले असतील तर तुमचं रँकिंग शाबूत आहे, निकालाचं पान बदललंय. वर जाहिराती आल्या, नकाशा आला, नाहीतर एआय ओव्हरव्ह्यूनं, म्हणजे निकालाच्या वरच गुगलचा एआय जो सारांश लिहितो त्यानं, तिथल्या तिथं उत्तर देऊन टाकलं. हे ओव्हरव्ह्यू भारतात ऑगस्ट २०२४ पासून दिसायला लागले. 'कोल्हापुरी चप्पल कशी साफ करावी' असल्या प्रश्नांचे क्लिक त्यात जातात, 'कापशी चप्पल नऊ नंबर किंमत' यांचे फारसे जात नाहीत. जागा तीच आणि इम्प्रेशनच कमी, म्हणजे शोधणारेच कमी झाले. जागा खाली गेली असेल तरच ते खरं घसरणं.

त्यातही सरासरी जागा फसवते. समजा तुम्ही चपलेची निगा कशी राखायची यावर नवं पान लिहिलं आणि ते चाळीसाव्या जागेवर दिसायला लागलं, तर सगळ्या साइटची सरासरी खाली येते. तुमची जुनी पानं जागची हललेलीही नसतात. म्हणून एकेक शोधशब्द उघडून बघा. ज्या दहा-बारा शब्दांवर धंदा येतो ते वहीत लिहून ठेवा आणि तेवढेच तपासा. बाकीच्या शब्दांचा आलेख बघून बीपी वाढवून घेऊ नका.

एका रात्रीत शून्य

क्लिक हळूहळू न पडता कड्यावरून पडल्यासारखे शून्याला आले असतील तर मजकूर आणि लिंक यांचा विचारच करू नका. साइट नव्यानं करताना डेव्हलपरनं गुगलला अडवण्यासाठी घातलेला 'नोइंडेक्स' काढायचा राहून गेलेला असतो, किंवा गुगलनं काय वाचू नये हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये सगळ्या साइटला मनाई लिहिलेली असते, किंवा डोमेनचे म्हणजे साइटच्या नावाचे पैसे भरायचे राहिलेले असतात. सर्च कन्सोलमध्ये वरच्या चौकोनात पानाचा पत्ता टाकला की ते पान गुगलकडे आहे की नाही आणि नसेल तर का, ते लगेच कळतं.

साइटचं रूप बदलताना पानांचे पत्ते बदलले आणि जुन्यावरून नव्याकडे आपोआप नेणारा ३०१ रिडायरेक्ट लावला नाही, हा त्याचाच भाऊबंद. जुन्या पत्त्याकडे आलेली सगळी पुण्याई तिथंच राहते. दुकान राजारामपुरीतून शाहूपुरीत हलवलं आणि जुन्या जागेवर पाटीसुद्धा लावली नाही, तर गिऱ्हाईक कुठं येणार?

आपल्याकडचा खास बिघाड मात्र वेगळाच आहे. तो परप्रांतातल्या एसईओवाल्याच्या लक्षातही येत नाही. दुकानाची माहितीपत्रकं वर्षानुवर्षं छापखान्यात जुन्या फॉन्टांत बसवलेली असतात. तो मजकूर साइटवर नुसता कॉपी-पेस्ट केला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण त्या फॉन्टांत मराठी अक्षर हा फक्त देखावा. आत साठवलेलं असतं ते इंग्रजी अक्षरच. मग कुणीतरी शक्कल लढवतो आणि अख्खं माहितीपत्रक फोटो म्हणून साइटवर चढवतो. माणसाला सुंदर दिसतं. गुगलच्या लेखी त्या पानावर एक फोटो आहे आणि मजकूर जवळजवळ नाही. तपासणी सोपी आहे. पानावरच्या कुठल्याही ओळीवर बोट दाबून ती निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. ओळ निवडताच आली नाही तर तो फोटो आहे. निवडता आली पण पलीकडे भलतंच उमटलं तर तो जुना फॉन्ट. दोन्हींवर उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीनं, पुन्हा टाइप करणं. कंटाळवाणं काम आहे, पण काही साइटींचं रँकिंग एवढ्यानंच सुधारतं.

पत्त्यांचंही एक सांगून टाकतो. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर गुगलची हरकत नाही, रँकिंगवर फरक पडत नाही. पण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पाठवताना टक्क्याची खूण आणि आकडे-अक्षरं मिळून नऊ चिन्हांचं होतं. काना, उकार आणि पायमोडी खूणही वेगळी मोजली जाते. 'कोल्हापुरी' हा चार अक्षरांचा शब्द पत्त्यात ९० चिन्हांचा होतो. व्हॉट्सॲपवर असला लांबलचक पत्ता आला की लोक व्हायरस समजून पुढंच जातात. नवी पानं करताना पत्ता रोमन लिपीत आणि आखूड ठेवा. जुने चालत असतील तर उगाच बदलायला जाऊ नका.

साइट जड असेल तर फोटो हलके करा. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी गुगलची अपेक्षा असते आणि फोनवरून थेट चढवलेले फोटो ती मोडतात. पण नुसत्या वेगानं कुणी पहिल्या पानावर गेलेलं नाही. त्यात महिने घालवू नका.

पानावर तुमचं स्वतःचं काय आहे?

इथं खरी गोम आहे. एका चप्पल दुकानाच्या साइटवर असला मजकूर असतो, तुम्हीही वाचला असेल:

'कोल्हापुरी चप्पल ही महाराष्ट्राची शान आहे. आमच्याकडे अस्सल, उत्तम दर्जाच्या, टिकाऊ कोल्हापुरी चपला वाजवी दरात मिळतील. कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन खरेदी करण्यासाठी सर्वोत्तम कोल्हापुरी चप्पल दुकान म्हणजे आमचे दुकान.'

दुकानाचं नाव खोडून शेजारच्या दुकानाचं घातलं तर काही बिघडेल? नाही. मग गुगलनं तुम्हालाच वर का ठेवावं, याचं एकही कारण त्या मजकुरात नाही. शब्द पुन्हा पुन्हा घालण्याची ही पद्धत २०११ सालीच निकालात निघाली. त्या वर्षी फेब्रुवारीत गुगलनं पांडा नावाचा बदल आणला आणि पोकळ मजकुराच्या साइटी खाली गेल्या. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेली शोधशब्दांची यादी, आपण रँकिंगसाठी बघत नाही, हे तर गुगलनं २००९ मध्येच सांगितलं होतं. तरीही आज पॅकेजच्या यादीत 'मेटा कीवर्ड, ५० पानं' असं लिहिलेलं सापडतं.

आता त्याच दुकानाच्या काउंटरवर उभे राहा. गिऱ्हाईक काय विचारतं? "ही चावणार का हो? करकर वाजणारी आहे का? पावसात चालेल का? माझा पाय रुंद आहे, कुठली घेऊ? ही अस्सल कशावरून?" मालक या सगळ्याची उत्तरं झोपेत देईल. साइटवर मात्र त्यातलं एक अक्षर नसतं. तेच लिहून काढलं की पान असं होतं:

'कापशी चप्पल. तळ म्हशीच्या चामड्याचा, वेणी बकऱ्याच्या चामड्याची. चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. पहिले काही दिवस अंगठ्याजवळ लागते, घरातल्या घरात थोडा थोडा वेळ घालून पाय बसू द्या. पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा. उन्हात ठेवली तर कडक होऊन तडकते. मापासाठी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं आखा आणि टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत किती सेंटीमीटर भरतं ते व्हॉट्सॲपवर कळवा. पाय रुंद असेल तर आधी सांगा, पट्टा सैल घेऊन देऊ.'

यात 'सर्वोत्तम' नाही, 'शान' नाही. तरीही लोक टाइप करतात ते अर्धा डझन शोध यात आपसूक आलेत, आणि चप्पल चावली म्हणून परत येणारी पार्सलंही कमी होतील.

अस्सल कशावरून, या प्रश्नाला तर स्वतंत्र पान द्यावं, आणि तिथं खरं लिहावं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो एकट्या कोल्हापूरला नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. 'अस्सल चप्पल फक्त कोल्हापूर शहरातच बनते' असं लिहिलेल्या साइटी भरपूर आहेत. आपल्याला ऐकायला गोड वाटतं, पण अथणीचा कारागीर काय बनवतो हे ठाऊक असलेला माणूस ते वाचून पुढचं काहीच खरं मानणार नाही. तुमचा माल कुठल्या गावच्या कारागिराकडून येतो ते सरळ लिहा. शेजारच्या दुकानाला ते उतरवून घेता येणार नाही.

गुळाचंही तेच. 'शुद्ध, सेंद्रिय, आरोग्यदायी' ही तीन विशेषणं सगळ्यांच्या साइटवर आहेत. पिवळाधमक गूळ घ्यावा की काळसर, रंग उजळवणारं हायड्रोस हे रसायन घातलंय का हे कसं ओळखायचं, रस साफ करायला रानभेंडी वापरली का, पावसाळ्यात गुळाचा रवा (ढेप) पाझरू नये म्हणून कसा ठेवायचा, यावर एका गुऱ्हाळवाल्यानं स्वतःच्या काहिलीचे फोटो टाकून लिहिलं तर पुण्या-मुंबईची गृहिणी ते शेवटपर्यंत वाचते.

आणि फौंड्रीवाल्यांना तर माझी हात जोडून विनंती आहे. पहिल्या पानावरचा पृथ्वीचा गोळा आणि 'वन स्टॉप सोल्यूशन' काढा. चाकणचा परचेस मॅनेजर गोळा शोधत नाही. तो एफजी २६० किंवा एसजी ५००/७ असा ओतीव लोखंडाचा ग्रेड शोधतो. किती किलोपर्यंतचं कास्टिंग ओतता, मोल्डिंग लाइन कुठली, मशीनिंग आत होतं की बाहेर, सोबत टेस्ट सर्टिफिकेट देता का, हे शोधतो. ग्रेडप्रमाणे एकेक पान करा आणि आपण ओतलेल्या पार्टांचे फोटो टाका; गिऱ्हाइकाचं नाव झाकून टाकले तरी चालतं. असले शब्द महिन्यात मोजकेच लोक शोधतात आणि एसईओवाला म्हणतो, "याला व्हॉल्यूम नाही," म्हणजे शोधणारे फार नाहीत. नसू दे. त्यातली एक चौकशी पिकली तर वर्षाचं काम येतं.

मजकूर कुठून आणायचा, हा प्रश्न मग उरत नाही. दुकानाचा व्हॉट्सॲप उघडा, मागच्या दोन महिन्यांत लोकांनी काय काय विचारलं ते वाचा, आणि जो प्रश्न तीनदा आलाय त्याचं एक पान करा. लिहायला जमत नसेल तर मालकानं फोनवर बोलून रेकॉर्ड करावं आणि पोरानं टाइप करावं. फक्त त्याची भाषा 'सुधारायला' जाऊ नये.

दोन गोष्टी टाळायच्या. एक, गावाचं नाव बदलून तेच पान वीस वेळा: कोल्हापुरी चप्पल पुणे, कोल्हापुरी चप्पल नाशिक, कोल्हापुरी चप्पल मिरज. गुगलच्या नियमांत हे सरळ स्पॅम आहे. दुसरं, एआयकडून एका दुपारी शंभर लेख. एआय वापरला म्हणून गुगल कुणाला खाली ढकलत नाही. पण रँकिंगसाठी घाऊक पोकळ मजकूर पाडणं मार्च २०२४ च्या नियमांत स्पॅम ठरलंय, मग तो माणसानं पाडलेला असो की मशीननं. असल्या साइटी सुरुवातीला चढतात, कारण नवी पानं आलेली असतात. गुगलला ती तपासायला वेळ लागतो. तो वेळ संपला की घसरण सुरू. तुमचा 'दर दोन-तीन महिन्यांनी' कुठून आला, त्याचा एक भाग हा.

मराठी की इंग्रजी, असं बरेच विचारतात. बरेच मराठी लोकही शोधताना रोमन लिपीतच टाइप करतात, त्यामुळं दोन्ही ठेवा, पण वेगवेगळ्या पानांवर आणि दोन्ही माणसानं लिहिलेलं. एकाच परिच्छेदात दोन भाषा कालवू नका.

लिंकांचा घोळ

झोक्याचा दुसरा भाग लिंकांत आहे. दुसऱ्याच्या साइटवरून तुमच्याकडे आलेली लिंक ही शिफारस मानायची, हा गुगलचा पायाच. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेला पेजरँक तो हाच. साहजिकच शिफारशींचा बाजार भरला. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा गुगलचा बदल आला आणि विकतच्या लिंकवाल्या साइटी खाली घातल्या गेल्या. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन गुगलच्या मुख्य यंत्रणेचा भाग झाला आणि पद्धत बदलली. साइटला शिक्षा करण्यापेक्षा त्या लिंकांची किंमतच शून्य धरायची. डिसेंबर २०२२ मध्ये या कामाला स्पॅमब्रेन नावाची एआय यंत्रणाही लागली.

याचा तुमच्या दुकानाशी संबंध असा. पॅकेजमध्ये दोनशे लिंका आल्या, काही दिवस त्यातल्या काही मोजल्या गेल्या, साइट वर सरकली. मग गुगलनं त्या ओळखून सोडून दिल्या आणि साइट जिथं होती तिथं परत आली. तुम्हाला वाटतं साइट पडली. ती पडली नाही, उसना टेकू निघाला. त्यात काही लिंका भाड्याच्या असतात. महिन्याचे पैसे थांबले की पलीकडचा माणूस त्या काढून टाकतो, आणि एजन्सी म्हणते, "बघा, आमचं काम बंद केलं आणि रँकिंग गेलं." म्हणणं खोटं नाही, पण सगळं खरंही नाही.

सर्च कन्सोलमध्ये लिंक्सचा अहवाल उघडा. कुठल्या साइटींवरून लिंका आल्यात त्याची यादी दिसेल. कोल्हापूरच्या चपलेला परदेशी कॅसिनो, औषधाची दुकानं आणि कुणी वाचत नसलेल्या डिरेक्टऱ्या शिफारस देत असतील तर पॅकेजमध्ये काय मिळालं ते समजलं. लिंक ज्या शब्दांवर लावलीय तेही बघा. खरी माणसं दुकानाच्या नावावर नाहीतर 'इथून घेतली' असल्या शब्दांवर लिंक देतात. शंभर जण एकजात 'बेस्ट कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन' याच शब्दांवर लिंक देत नाहीत. मग मॅन्युअल ॲक्शन्सचं पान उघडा. तिथं काही नसेल तर गुगलच्या माणसानं तुमच्यावर कारवाई केलेली नाही, निवांत राहा. 'या लिंका माझ्या धरू नका' असं गुगलला कळवणारं डिसअव्हाऊ नावाचं हत्यार बहुतेकांना लागत नाही. घाबरून सगळ्या लिंका नाकारणारे चांगल्याही घालवून बसतात. कारवाईची नोंद असेल तर मात्र विकतच्या लिंका काढायच्या, निघत नाहीत त्या डिसअव्हाऊत टाकायच्या आणि फेरविचाराचा अर्ज करायचा.

मग खऱ्या लिंका कुठून आणायच्या? आधी ज्या मिळायलाच हव्यात त्या गोळा करा. तुम्ही गोशिमा किंवा स्मॅक या कारखानदारांच्या संघटनांचे सभासद असाल आणि सभासदांची यादी साइटवर असेल, तर तिथं तुमचा पत्ता आहे का, आणि तो पाच वर्षांपूर्वीच्या डोमेनचा तर नाही ना? ज्या कंपनीचे तुम्ही डीलर आहात तिच्या डीलरांच्या यादीत लिंक आहे का? तुमची चप्पल ठेवणाऱ्या पुण्याच्या दुकानाच्या साइटवर तुमचं नाव आहे का? वर्तमानपत्रात तुमच्यावर बातमी आली असेल तर तिच्या वेब आवृत्तीत साइटचा पत्ता घालता येईल का, असं विचारायला फोनच करायचा असतो. हे फुकट आहे आणि आधीचीच ओळख आहे, नवी जोडायची गरज नाही.

पेठेतल्या फुटबॉल स्पर्धेला चषक दिला आणि आयोजकांच्या साइटवर लिंक मिळाली तर उत्तम, फक्त त्यांना ती 'स्पॉन्सर्ड' अशी खूण घालून लावायला सांगा. ही खूण गुगलनं २०१९ मध्ये आणली. तिचा रँकिंगला फायदा धरू नका. पण मॅच बघायला येणारं पब्लिक तुमचं गिऱ्हाईक आहेच.

बाकीच्या लिंका मागून येत नाहीत. मापाचा नीट तक्ता, अस्सल ओळखण्याचं खरं पान, गुऱ्हाळ बघायला यायचं असेल तर कधी आणि कुठं, असं काही साइटवर असलं की भटकंतीबद्दल लिहिणारे, प्रोजेक्ट करणारे विद्यापीठातले विद्यार्थी, वार्ताहर आपणहून त्याचा हवाला देतात. वेळ लागतो आणि संख्या कमी असते. पण त्या दोन महिन्यांनी गळत नाहीत.

स्वतःच्या साइटमधल्या लिंका मात्र आज दुपारी लावता येतात, आणि नेमक्या त्याच कुणी लावत नाही. चपलेची निगा यावर सुरेख लेख लिहिलेला असतो आणि त्यात चपलेच्या पानाकडे जायला वाटच नसते. पहिल्या पानावरून तीन टिचक्यांत कुठलंही महत्त्वाचं पान गाठता आलं पाहिजे.

दुकान रस्त्यावरचं असेल तर नकाशातली नोंद साइटइतकीच महत्त्वाची. गुगल तिथं तीन गोष्टी बघतो: शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक. दुकानाच्या नावात 'बेस्ट चप्पल शॉप कोल्हापूर' असं शेपूट लावू नका, तक्रार गेली तर नोंद बंद होऊ शकते. खऱ्या गिऱ्हाइकाला रिव्ह्यू लिहायला सांगा आणि वाईट रिव्ह्यूला शांतपणे उत्तर द्या. रंकाळ्यावर भांडल्यासारखं नको.

किती थांबायचं

एका वेळी एक बदल करा आणि तारीख वहीत लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही. मजकूर सुधारलेलं पान काही आठवड्यांत हलायला लागतं. पण अख्खी साइट एखाद्या कोअर अपडेटमध्ये, म्हणजे गुगल मुख्य यंत्रणेतच करतो त्या मोठ्या बदलात, खाली गेली असेल तर सुधारणेची पावती मिळायला महिने लागतात. कधी पुढच्या कोअर अपडेटपर्यंत थांबावं लागतं, असं गुगलच सांगतो. त्या काळात आकडे रोज बघून उपयोग नाही. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

एजन्सी ठेवायची तर ठेवा, सगळेच काही लुबाडणारे नसतात. फक्त काम देण्याआधी डोमेन तुमच्या नावावर आहे का, होस्टिंगचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का आणि सर्च कन्सोलची मालकी तुमच्या ईमेलवर आहे का, ते बघा. एजन्सीला तुम्ही प्रवेश द्यायचा असतो, तिनं तुम्हाला नाही. दर महिन्याच्या अहवालात 'इतक्या लिंका केल्या' असा आकडा आला तर त्यांचे पत्ते मागा, आणि त्यातले चार-पाच स्वतः उघडून बघा.